फेसमास्तर

बर्व्यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली आणि पुढे आमच्यात काही वर्षं अबोलाही होता. तेव्हा त्यांच्याविषयी मी फार गोड लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. शिवाय आता मी थकले आहे. गोड लिहायला जे बळ लागतं ते राहिलेलं नाही.

मी तेव्हा शहापूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. ऐन विशीत विधवा होऊन भावाकडे परत आलेली बाई. दादा कचेरीत कारकून, वहिनी सदा अंथरुणात, त्यामुळे शाळा सुटली की घरभरचं धुणं माझी वाट बघत असायचं. एकदा मागच्या दारी धुणं आटपून मी बादली मोरीत उपडी केली आणि वर बघते तर कुंपणापलीकडे एक उंच, हडकुळा माणूस उभा. अंगात काळा कोट, कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले, आणि धोतर असं की एक पट्टा पांढरा, एक पिवळट, एक राखाडी.

"हे पाणी कुठं जातं?" त्यांनी विचारलं. ना नमस्कार, ना चमत्कार.

"मोरीत."

"आणि पुढं?"

"गटारात."

"आणि पुढं?"

"पुढं स्वर्गात जातं. तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि ते चालू लागले. रात्री दादाला सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, अगं ते बर्वे. मुंबईच्या एका गिरणीत रंगखात्यात होते, रसायनाचं शिकलेले आहेत, चांगली नोकरी सोडून इथे आलेत आणि बाजारामागची बंद पडलेली भाताची गिरणी भाड्याने घेऊन तिथे दिवसभर काहीतरी उकळत बसतात. डोक्याने जरा हे आहेत, पण माणूस सरळ आहे.

नोकरी का सोडली, हे पुढे मी त्यांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, रोज सकाळी खाडीच्या पाण्याचा रंग बघून मला कळायचं, काल कुठलं कापड निघालं ते. एवढंच म्हणाले. त्यांचं बाकीचं आयुष्य, घरदार, नातीगोती, याची मला फारशी माहिती नाही आणि मी कधी खणूनही विचारलं नाही.

त्यांना करायची होती कपडे धुण्याची पूड. आपल्याच रानातल्या झाडाची, झाड न तोडता होणारी, आणि जिचं पाणी पुढे कुणाला बाधणार नाही अशी. पहिल्या दोन गोष्टी जमत आल्या होत्या. तिसरीने त्यांचा जीव खाल्ला.

काही दिवसांनी ते रीतसर पुढच्या दाराने आले. दादासमोर बसले आणि म्हणाले, "मला रसायन येतं, पण धुणं येत नाही. तुमच्या बहिणीला येतं. त्यांनी मदत केली तर काम पुढं सरकेल." मला आयुष्यात पुष्कळ जणांनी पुष्कळ कामं सांगितली होती, पण मला एखादी गोष्ट येते म्हणून विचारायला आलेला हा पहिला माणूस. मी हो म्हटलं. गावात थोडी कुजबुज झाली आणि कंटाळून थांबली.

मग सुट्टीच्या दिवशी मी त्या गिरणीत जाऊ लागले. तिथे आम्ही तिघं असायचो. तिसरा सोमा. मुरबाडच्या बाजूला काळू नदीकाठी त्याची वाडी होती. भात-नाचणी करायचा, वाडीत त्याच्या शब्दाला मान होता. बर्वे रानात फळं हुडकत फिरताना दोघांची गाठ पडली आणि ती सुटलीच नाही. साबणासाठी रिठा सगळ्यांनाच माहीत. पण तो बाजारात विकत घ्यावा लागायचा. सोमाच्या रानात गेळाची काटेरी झुडपं हवी तेवढी. लिंबाएवढी पिवळट फळं धरतात, माणूस खात नाही, कुणी विचारत नाही. कुस्करून पाण्यात घातली की फेस मात्र भरपूर. सोमाचं म्हणणं, खाली पडलेलीच उचलायची, फांदीला हात लावायचा नाही. बर्व्यांचं म्हणणं, पडलेल्यांतलीही काही तिथेच राहू द्यायची. या 'काही'वरून दोघं गिरणीच्या उंबऱ्यावर बसून तासन्‌तास वाद घालायचे आणि मी एकटी काहिलीतलं ढवळत बसायची. वाडीतल्या बाया फळं गोळा करायच्या, वाळवायच्या. सोमा बैलगाडीने किन्हवलीवरून शहापूरला आणायचा. वाडीला त्याचे चार पैसे मिळायचे आणि ते बायांच्या हातात पडायचे, हे बर्व्यांना फार आवडायचं.

त्यांच्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या धोतराचं कोडंही मला गिरणीतच उलगडलं. प्रत्येक पट्टा वेगळ्या पुडीने धुतलेला. एकाच कापडावर, एकाच माणसाच्या घामावर, एकाच धुळीत, असं त्यांचं गणित. तेच धोतर नेसून ते बाजारात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा जायचे. कुणी हसलं तर पट्टे दाखवून विचारायचे, यातला तुम्हाला कुठला बरा वाटतो? वाडीतली माणसं त्यांना फेसमास्तर म्हणायची. मास्तर ते कधीच नव्हते, पण ते नाव त्यांना मनापासून आवडायचं.

दुसरी खोड म्हणजे कपड्यांचा वास घेणं. एकदा मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत त्यांनी पुढच्या बाकावरच्या गृहस्थांचं उपरणं हळूच उचलून नाकाला लावलं. गृहस्थांना वाटलं खिसेकापू. आरडाओरडा, मोटार थांबली, ड्रायव्हर खाली उतरला. बर्वे शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरी राखेनं धुतात. चांगलं धुतात, पण खंगाळत नाहीत." तो गृहस्थ इतका चिडला की बर्व्यांना तिथेच उतरवण्यात आलं आणि ते उरलेली वाट चालत गेले. चालता चालता त्यांना रिठ्याचं एक नवं झाड सापडलं, म्हणून ते त्या गृहस्थाचे उपकार मानायचे.

आणि तो "आणि पुढं?" तर होताच. काहीही सांगा, हा प्रश्न यायचाच. पोर पास झाली? आणि पुढं? भात चांगलं आलं? आणि पुढं? एखाद्या दिवशी डोकं उठायचं. मी म्हणायची, बर्वे, कधीतरी एखादी गोष्ट संपू द्या हो.

आमच्या परसात शेवगा होता, वहिनीच्या माहेरून आलेला, तिचा फार जीव त्याच्यावर. बर्व्यांनी एक दिवस फर्मान काढलं की आमच्या पुडीने धुतलेलं सगळं पाणी त्या शेवग्याच्या मुळाशी ओतायचं, मोरीत नाही. झाड मेलं तर कळेल. मी म्हटलं, झाड मेलं तर वहिनी मला मारील, तेही कळेल. पण ओतू लागले.

पुडीत खोट एकच होती. हात चुरचुरायचे. माझ्या बोटांची सालं निघाली होती; खडू धरताना झोंबायचं. हे घालवायचं कसं, यावर बर्वे महिनोन्‌महिने अडले. शेवटी सोमाच म्हणाला, "मास्तर, आमी कडूकांद कसा गोड करतो? राखंत उकडायचा नि टोपलीत भरून रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचा. कडूपणा पानी घेऊन जातं."

बर्वे खुर्चीतून उठलेच. त्या दिवसाइतकं आनंदी मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच. कडूकांद म्हणजे रानातला कंद. तसाच खाल्ला तर घसा सोलवटतो, पण असा धुतला की पोरंबाळं खातात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांनीही माना डोलावल्या. गेळाच्या फळाने मासा गुंगतो हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते कच्च्या फळाने. उकडलेल्यात काय राहतंय, असं सगळ्यांनाच वाटलं. बर्व्यांनाही. शिकलेला आणि न शिकलेला, दोघं एकाच खड्ड्यात पडले.

थंडी सरत आली होती, नदी बारीक झाली होती. उकडलेल्या गेळाच्या टोपल्या वाडीच्या वरच्या अंगाला प्रवाहात ठेवल्या. त्या रात्री मीही सोमाच्या घरीच मुक्कामाला होते. आणि वाडीच्या खालच्या अंगाला साती आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवींचा, डोह. त्या डोहात कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. मासे माणसाला भीत नाहीत, तांदूळ टाकले की हाताशी येतात. आजारी पोराचा नवस, नव्या सुनेचं पहिलं पाणी, सगळं तिथेच.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा सगळा डोह पांढरा दिसत होता. पोटं वर करून मासे तरंगत होते, लहान, मोठे, काही तर हातभर लांब. काठावर अख्खी वाडी उभी होती. एक म्हातारी हळू आवाजात रडत होती. बर्वे कोट न काढता पाण्यात शिरले आणि एकेक मासा उचलून बघू लागले, एखादा जिवंत आहे का म्हणून.

दुपारी जाणती मंडळी बसली. बर्वे म्हणाले, चूक माझी, रसायन मला कळतं. सोमा म्हणाला, "नाय. सला माजा. देव माजा. मास्तर परका मानूस, त्याला काय ठावं." दोघं दोष एकमेकांच्या हातून ओढून घेत होते. बसलेल्यांनाही ते ऐकून थकवा आला असावा. शेवटी ठरलं ते असं: देवाचे मासे कुणी खायचे नाहीत, पुरायचे, आणि ते या दोघांनीच. दर पुनवेला डोहावर तांदूळ टाकायचे. आणि इथून पुढे त्या पुडीचा थेंबही नदीत पडता कामा नये; धुणं असेल त्याने पाणी वर काठावर न्यावं.

दोघांनी खड्डा खणला. बर्व्यांना कुदळ धरता येत नव्हती, तळहात फुटले. मी मदतीला पुढे झाले तर मला त्यांनी हाताने मागे सारलं. देवाबिवावर त्यांचा विश्वास नव्हता. पण त्यानंतर एकही पुनव त्यांनी चुकवली नाही. ताप असला तरी शहापूरहून बैलगाडीत पडून जायचे.

त्यानंतरची वर्षं कंटाळवाणी होती, खरं सांगते. उत्साह गेला होता, नुसतं काम उरलं होतं. विहिरीतल्या बारक्या मासळ्या मडक्यात सोडायच्या, धुण्याचं पाणी त्यात घालायचं, आणि बघत बसायचं. मासळ्या मरायच्या. राखेने मरायच्या, चुन्याने मरायच्या, उन्हात तापवलं तरी मरायच्या. बर्वे प्रत्येक मासळी गिरणीच्या मागे पुरायचे. मी त्यांना म्हटलं, आता पुरे करा, मला हे बघवत नाही. ते म्हणाले, मलाही नाही.

मग एकदा त्यांना आमचा शेवगा आठवला. इतकी वर्षं तेच पाणी पिऊन तो हिरवागार उभा होता. त्यांनी फुटक्या माठात माती भरली, वरून धुण्याचं पाणी ओतलं आणि खाली पाझरून आलेलं मासळ्यांच्या मडक्यात घातलं. मासळ्या पोहत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही पोहत होत्या. माती ते विष धरून ठेवत होती आणि जिरवत होती. चुरचूर थोडी उरली होती, पण तिला माझे हात सरावले होते. बर्वे हसले नाहीत, नाचले नाहीत. भिंतीला टेकून खाली बसले आणि तिथेच त्यांना झोप लागली. मी दार ओढून घेऊन घरी आले.

म्हणजे पूड चांगली होती. फक्त तिचं पाणी मातीत गेलं पाहिजे. म्हणून पुडीच्या वेष्टनावर छापायला त्यांनी एक ओळ केली: 'धुण्याचे पाणी झाडाच्या मुळाशी ओतावे, नदीनाल्यात ओतू नये.'

तोवर लढाई सुरू झाली होती. साबण मिळेना. मिळाला तर असा, की दगडाने अंग घासावं. आणि आमच्या पुडीची बातमी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या कानावर गेली. हे शेटजी आसनगावला गाडीतून उतरून टांग्याने गिरणीत आले. पूड बघितली, स्वतःचा रुमाल धुवून बघितला आणि खूष झाले. माल सगळा घेऊ, आणखी काढा, वाडीवाडीतून फळं उचलू, असं म्हणाले. सोमा समोरच बसला होता. त्याच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते मला विसरता येत नाही. त्या वर्षी पिकाचे हाल होते आणि वाडीतल्या सगळ्या बाया आशा लावून बसल्या होत्या.

मग शेटजींनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, ही काढून टाका. मुंबईत झाड कुठलं आणि मूळ कुठलं? चाळीतली बाई काय बादली घेऊन जिने उतरणार? शिवाय वाचणाऱ्याला वाटेल, पुडीत विष आहे.

"आहेच. माशांना आहे," बर्वे म्हणाले.

"मग ओळ राहणार?"

"राहणार. मुंबईत झाडं नसतील तर तिथं विकू नका. गावोगाव विका."

शेटजी हसले. त्यांना वाटलं हा भाव वाढवतोय. दोनदा परत आले, भाव वाढवला. बर्व्यांचं उत्तर तेच. सोमाने समजावलं, मी समजावलं. मी तर चांगली तडकून बोलले. म्हटलं, बर्वे, तुमच्या वयाची दहा वर्षं यात गेली, माझ्या हातांची सालं गेली, वाडीची आशा आहे. एक ओळ. तीही कोण वाचणार आहे? काढा ती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडले नव्हते, फार दमलेले दिसत होते. "बाई," ते म्हणाले, "ते मासे मी या हातांनी पुरलेत. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

शेटजी गेले ते गेलेच. सोमा उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मास्तर, तुमच्या एका ओळीपायी आमची फळं झाडाखाली कुजनार." तो परत गिरणीत आला नाही. मीही जाणं सोडलं. मला राग आला होता आणि तो राग खोटा नव्हता. त्यांचं चुकलं की बरोबर होतं, हे मला आज इतक्या वर्षांनीही ठरवता येत नाही. बायांच्या हातात पडणारे चार पैसे बंद झाले, हे तर खरंच आहे. भाडं थकलं, गिरणीला कुलूप लागलं, आणि बर्वे कुठे गेले ते मी कुणाला विचारलं नाही.

लढाई संपली, नवे साबण आले. स्वराज्यही आलं. त्यानंतर एका माघात माझ्या एका विद्यार्थिनीच्या लग्नाला मुरबाडच्या बाजूला गेले होते. परतताना गाडीवानाने काळू नदी उतारावरून ओलांडायला घेतली, ती नेमकी सोमाच्या वाडीजवळ. सकाळची वेळ होती. नदीवर बाया होत्या, पण पाण्यात एकही धूत नव्हती. घागरी भरून वर काठावर न्यायच्या, तिथे आंब्याखाली दगड मांडलेले, तिथे धुवायचं, आणि उरलेलं पाणी आंब्याच्या बुंध्याशी. वास ओळखीचा होता, गेळाचा. एका नव्या सुनेला मी विचारलं, इतकं वर कशाला गो चढता? ती म्हणाली, "हितं तसंच करतात. पुढं डोह हाय नं." वाडीत एकीलाही वाचता येत नव्हतं.

मग मला बर्वे दिसले. डोहाच्या वरच्या अंगाला एका उंबराखाली दगडावर बसून पंचा धूत होते. डोळे अधू झाले होते, पाठ वाकली होती, धोतर मात्र आता सगळं एकाच रंगाचं होतं. सोमा नदीतून घागर भरून वर आणत होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. सोमाने घागर ठेवली, बर्व्यांचा हात धरून पाण्याला लावला आणि परत खाली गेला. पुनवेच्या तांदळाची पुरचुंडी शेजारी ठेवलेली होती. खाली डोहात मासे हलताना मला दिसले.

मी जवळ गेले, नाव सांगितलं. वाटलं होतं, विचारतील कशा आहात, किंवा रागावतील. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"शेवगा जगला का?" त्यांनी विचारलं.

वहिनी गेली होती, दादा गेला होता, शाळाही सुटायच्या बेतात होती. पण शेवगा होता. अबोल्याच्या वर्षांतही मी बादली त्याच्याच मुळाशी नेत होते. का, ते मला विचारू नका.

"जगलाय," मी म्हटलं. "यंदाही शेंगा धरल्यात."

"आणि पुढं?"

पुढं काय सांगणार? म्हटलं, "पुढं काही नाही, बर्वे. आम्ही त्या खातो."

त्यांनी मान डोलावली, अगदी पहिल्या दिवशी कुंपणापलीकडे डोलावली होती तशीच. मग पंचा पिळला, चाचपडत घागर जवळ ओढली आणि धुण्याचं पाणी उंबराच्या मुळाशी सावकाश ओतलं. गाडीवान हाका मारत होता, मी निघाले.